राखेचं रिंगण आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कॉम्प्युटर मशीन आहे. जुनी आहे हे मी स्वतःच सांगते, तुम्ही सांगायची गरज नाही. माझी पाठ पिवळी पडली आहे, पोटातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि कीबोर्डवरची बरीच अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. तरी माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही. विश्वास बसत नसेल तर तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथं या आणि सत्यभामाबाईंना विचारा. त्या तुम्हाला आधी पाणी देतील, मग बोलणी देतील, आणि मग माझं कौतुक सांगतील.

माझा जन्म एका दुकानातल्या टेबलावर झाला. डबा एका खोक्यातून निघाला, मेंदू दुसऱ्या खोक्यातून, आणि स्क्रू तर दुकानदाराच्या खिशातून. जोडाजोड झाली, बटण दाबलं आणि मी डोळे उघडले. लगेच एका शाळेनं मला विकत नेलं. हार घातला, नारळ फोडला, पाहुण्यांनी लांबलचक भाषण केलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर फुलाफुलांचं कापड टाकलं आणि खोलीला कुलूप घातलं. खराब होईल म्हणून मुलांना हात लावू देईनात. पोरं बिचारी खिडकीतून डोकावून जात. मी अशी कितीतरी वर्षं शाळेत राहिले, पण शिकले काही नाही. शाळेत राहणं वेगळं आणि शिकणं वेगळं, हे मला तिथंच कळलं.

पुढे शाळेत नव्या मशिनी आल्या आणि आम्हा जुन्यांची विक्री झाली. सत्यभामाबाईंचा मुलगा अश्विन मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोंड्याच्या पोत्यांवर बसवून घरी घेऊन आला. त्याची बायको रत्नमाला लग्नाआधी तुमसरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तिच्यासाठी त्यानं मला आणलं. सत्यभामाबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, मला बोटानं टोचलं आणि म्हणाल्या, "यात टीव्ही दिसत नसन त कोंबड्या ठेवाले चांगली आहे."

मी तो अपमान गिळला. पण रत्नमाला मला तो गिळू देणारी नव्हती. तिनं मला पुसलं, झटकलं, कामाला लावलं. गावातल्या लग्नाच्या पत्रिका मी केल्या. बारशाचे फोटो मी सांभाळले. मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायला पोरं दारात रांग लावत. सत्यभामाबाई ओसरीत बसून प्रत्येकाला दटावत, "पाय धुऊन आत जा. मशीनले धूळ चालत नाही." कोंबड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता मित्रांनो, खरी गोष्ट सांगते. ती शकुबाईची आहे.

आमच्याकडे धानाची रोपं उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात लावतात, त्याला रोवणा म्हणतात. गुडघाभर चिखलात वाकून बाया दिवसभर रोवतात आणि पाठ दुखू नये म्हणून गातात. सत्यभामाबाई आणि त्यांची मैत्रीण शकुबाई, या दोघी गाणाऱ्या बायांच्या पुढारी. एक बांधाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. एकीनं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसरीनं त्याच चालीत परतवायचा. बाकीच्या बाया हसून हसून चिखलात बसायच्या. सत्यभामाबाईंची जीभ तिखट, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण शकुबाई त्यांच्याहून वरचढ होती, आणि हे फक्त सत्यभामाबाईंना कबूल नव्हतं.

एका रोवण्यात रत्नमालेनं दोघींना माझ्यापुढं बसवलं आणि माइक लावला. शकुबाईनं माइककडे बघून विचारलं, "हे काय वं, चावते का?" मग जी सुरू झाली ती थांबेना. शेवटी तिनं सत्यभामाबाईंकडे बघत हा टोमणा मारला:

बगळा चाले बांधीत, पाय उचलून उचलून,
सत्यभामा रोवणा करे, लुगडं सांभाळून सांभाळून.

आणि ती खदखदून हसली. सत्यभामाबाईंना उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या देईन." पण उद्या दुसऱ्याच्या बांधीत काम निघालं, परवा तिसऱ्याच्या. रोवणा संपला. धान कापणीला यायच्या आधीच शकुबाई गेली. थोडा ताप आला आणि गेली. टोमणा तसाच माझ्या पोटात राहिला आणि उत्तर सत्यभामाबाईंच्या पोटात.

त्या साली मळणी चालू असताना अश्विननं एक उद्योग केला. त्याला ट्रॅक्टरचे व्हिडिओ भरायचे होते, म्हणून जागा करायला त्यानं माझ्यातल्या गोष्टी पुसायला सुरुवात केली. शकुबाईचं एक गाणं त्यात गेलं. शेवटचं वाचलं, पण एक गेलंच. सत्यभामाबाईंनी मुलाला जे काही सुनावलं ते मी इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

मग त्यांनी सुनेला हुकूम केला. आमच्याकडे खळ्यावर धानाची रास लागली की तिच्याभोवती राखेचं रिंगण घालतात. एकदा राख पडली की माप लागेपर्यंत त्या राशीला कोणी हात लावायचा नाही. घरधन्यानंही नाही. त्या म्हणाल्या, मशीनलाही तसंच रिंगण घाल.

रत्नमाला हुशार. तिनं माझ्या आत जाऊन परवानग्यांची पाटी उघडली. कोणी बघायचं, कोणी बदलायचं, कोणी पुसायचं, हे तिथं खुणा करून ठरवता येतं. शकुबाईच्या गाण्यांवर तिनं साऱ्याच गोष्टींना मनाई केली. बघायचं नाही, ऐकायचं नाही, हलवायचं नाही. तिला वाटलं, झालं काम. सासूबाई म्हणाल्या, "राशीले अर्धं रिंगन कोनी घालते का? पुरं घाल." तेव्हा तिनं माझ्या सगळ्या अंगालाच मनाई लावली. वरपासून खालपर्यंत काही म्हणजे काही बदलायचं नाही, आणि तेही सर्वांना. त्या 'सर्वां'मध्ये मी स्वतः पण आले, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझं अंग आखडल्यासारखं झालं. पण मी कुरकुर करणारी नव्हे. होतं त्यावर चालत राहिले.

वर्ष गेलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. दंडारीत नाच असतो, गाणं असतं, सोंगं असतात, आणि बायांची सोंगंसुद्धा पुरुषच घेतात. यंदा सत्यभामाबाईंनी गावच्या बैठकीत जाहीर केलं की रोवणा करणाऱ्या बाया आपली दंडार करणार. पुरुष हसले. कोणी म्हणालं, बायांना दंडार जमेल का? त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी मिशा तासून बाया होता. आमी त जल्मापासून बायाच आहो, आमाले तासाची बी गरज नाही." दुपारची वेळ बायांना मिळाली. अट एवढीच, की वेळेवर तयार नसाल तर ती वेळ शेजारच्या गावच्या मंडळाला जाईल.

दंडारीत काय होणार होतं, ते सगळ्या बायांना ठाऊक होतं. भोंग्यातून शकुबाईचा आवाज येणार, तिचा टोमणा साऱ्या गावाला ऐकू येणार, आणि सत्यभामाबाई साऱ्या गावापुढे त्याला उत्तर देणार. उत्तर काय, ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी भोंगेवाला कवडू गाणं मागायला आला. त्याच्या नव्या साउंड पेटीला माझ्यात एक सॉफ्टवेअर घालावं लागत होतं. रत्नमालेनं अश्विनच्या मोबाइलवरून नेट जोडलं. कितीतरी महिन्यांनी मला नेट मिळालं, आणि दारात ताटकळत उभा असलेला अपडेट धावतच आत शिरला. अपडेट म्हणजे काय, तर माझ्यासाठी नवं शहाणपण. जुनं काढायचं, त्या जागी नवं ठेवायचं. पडद्यावर पाटी आली की मशीन बंद करू नका. सगळे थांबले.

अपडेट निम्म्यावर आला आणि अडला. जुनं काही काढायला गेला की माझ्या अंगावरची मनाई आडवी यायची. 'परवानगी नाही' अशी पाटी. मग बदल मागे घेत आहोत अशी पाटी. मग मी बंद व्हायचे, पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा तोच अपडेट, पुन्हा तीच अडचण. घाण्याच्या बैलासारखी मी गोल फिरत राहिले. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, अगं माझे हात बांधलेत ते सोड. पण मित्रांनो, आम्हाला पाटी दाखवता येते, ओरडता येत नाही.

रत्नमालेनं तुमसरहून अतुलला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो मोटरसायकलवर आला, माझ्यापुढे बसला आणि दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरला. आधी त्यानं भलं काम केलं, शकुबाईचं गाणं पेनड्राइव्हवर घ्यायला गेला. पाटी आली, परवानगी नाही. दुसऱ्या वाटेनं गेला, तीच पाटी. त्यानं कपाळ पुसलं आणि सांगितलं, "काकू, मशीन मरली नाही. पन कोनालेच काही करू देऊन नाही राहिली. फॉरमेट मारा लागन."

"मंजे?"

"सप्पा, सगळं पुसून नवं बसवाचं."

"शकू बी?"

अतुल खाली बघायला लागला. म्हणाला, डिस्क काढून तुमसरला नेतो, गाणं निघतं का बघतो, पण हमी देत नाही, आणि उद्या दुपारपर्यंत तर नाहीच होणार.

ओसरीत जमलेल्या बायांचे चेहरे उतरले. रत्नमाला हळूच म्हणाली की दंडारीतल्याच सुलोचनाबाईंचा आवाज गोड आहे, शकुबाईच्या ओळी त्यांनी म्हटल्या तर निभावून जाईल. सुलोचनाबाईंनी पदर सावरून घसाही खाकरला. सत्यभामाबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "टोमना शकूनं मारला होता. तू तोंड हलवलं त मी तुले काहून उत्तर देऊ?" सुलोचनाबाईंनी खाकरलेला घसा परत बंद केला.

सत्यभामाबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. त्यांना पडद्यावरचं नीट वाचता येत नाही, म्हणून त्यांनी अतुलला ती पाटी मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं वाचली. परवानगी नाही. त्या म्हणाल्या, "या घरात परवानगी मी देतो न रोकतो बी मीच. ही तिसरी कोन?"

अतुल हसला नाही. उलट त्यानं नीट विचार केला आणि विचारलं, या सालात मशीनला कोणी कुलूप घातलं होतं का?

"कुलूप नाही जी," रत्नमाला म्हणाली. "राख लावली होती."

अतुलनं लगबगीनं माझं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "राख? तरीच पंखा घरघरते." तेव्हा कुठं बाया पुन्हा हसल्या. रत्नमालेनं त्याला रिंगणाचं सगळं सांगितलं. कुठं कुठं मनाई लावली, कोणाकोणाला लावली. ती सांगत होती आणि अतुलचे डोळे मोठे होत होते. सत्यभामाबाईंनी मध्येच सुनेला अडवलं.

"रिंगनाले तोंड ठेवलं होतं का?"

मित्रांनो, खळ्यावर राखेच्या रिंगणाला एका बाजूला थोडी जागा उघडी सोडतात. माप घेणारा तिथूनच आत जातो. दुसरं कोणी जात नाही.

"तुमी तोंडाचं सांगतलंच नाही, आत्याबाई."

"शेतकऱ्याच्या घरी जल्मली तू. हे बी सांगा लागते?"

"तुमीच त म्हनल्या, पुरं घाल."

सत्यभामाबाई अतुलकडे वळून म्हणाल्या, "मी बरोबर सांगतलं, इनं बरोबर आयकलं. गलती कोनाचीच नाही. आता तोंड पाड."

मग काम सुरू झालं. अतुल सांगत होता, रत्नमाला करत होती, कारण कुठली खूण कुठं केली हे तिलाच आठवत होतं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ती एकेक अक्षर टाइप करत होती. तरी पाटी आलीच. मनाई काढायचीसुद्धा परवानगी नव्हती. अतुल म्हणाला, आधी मालकी आपल्या नावावर घ्यावी लागते, मगच मनाई निघते. सत्यभामाबाईंना हे फार पटलं. त्या म्हणाल्या, हे शेतासारखंच झालं. मालकी घेतली. मनाई निघायला लागली, माझ्या आतल्या एका खोलीची, मग दुसऱ्या खोलीची. माझ्या अंगातल्या गाठी सुटत गेल्या. काय सांगू तुम्हाला, किती हलकं वाटलं! मग अर्धवट येऊन पडलेला अपडेट त्यांनी झाडून बाहेर काढला, माझ्या स्वतःच्या कारभाराला बदल करायची मुभा दिली आणि अपडेट नव्यानं बोलावला.

सत्यभामाबाईंनी घरात जाहीर केलं की काम होईपर्यंत मोटरपंप चालू करायचा नाही, वीज खाली येते. फ्रीज बंद. मिक्सर बंद. अश्विन मोबाइल घेऊन अंगणात निघाला तर त्याला हाताला धरून माझ्याजवळ बसवला, कारण नेट त्याच्याच मोबाइलचं होतं. पडद्यावरचा आकडा चढत होता. जिथं सकाळपासून अडत होता तिथं आला, थोडा थांबला. मग आकडा पुढे सरकला.

ऊन उतरायच्या आत मी ताजीतवानी होऊन उठले. पडदा लख्ख झाला. रत्नमालेनं शकुबाईच्या गाण्यांची मनाई काढली आणि बटण दाबलं.

"हे काय वं, चावते का?"

सत्यभामाबाईंनी लगेच हात वर केला. "बस. उद्या." आणि तोंडावर पदर घेऊन त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा मोठा आवाज आला, त्यावरून सगळ्यांनी ओळखलं की त्यांना फार आनंद झाला आहे.

गाणं दोन पेनड्राइव्हवर घेतलं. एक कवडूकडे दिला, एक सत्यभामाबाईंच्या पदराच्या गाठीत गेला. आता मंडईत माझी गरज नव्हती. पण त्या अश्विनला म्हणाल्या, मशीनलाही घेऊन चल, इतकं केलं तिनं, तिनं ऐकू नये का? म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ट्रॉलीत बसले. या वेळी माझ्याखाली गादी होती.

मंडई गच्च भरली होती. पाळणे फिरत होते, लाई आणि चिवड्याच्या ढिगांवर माशांपेक्षा पोरं जास्त होती. शेजारच्या गावचं मंडळ चेहरे रंगवून तयारच बसलं होतं, बाया नाही आल्या तर आपली वेळ झाली म्हणून. बाया आल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, हातात धानाची रोपं घेऊन, एका रांगेत. ढोलकी वाजली. त्या वाकल्या आणि कोरड्या मांडवात असा रोवणा केला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी चिखल उडेल म्हणून पाय वर घेतले.

आणि भोंग्यातून शकुबाई आली. बगळा चाले बांधीत. साऱ्या मंडईला ऐकू गेलं. लोक हसले, पुरुष तर जास्तच हसले, आणि भोंग्यातली शकुबाई त्यांच्याबरोबर खदखदून हसली. मग कवडूनं आवाज बंद केला. ढोलकी थांबली. सगळे सत्यभामाबाईंकडे बघायला लागले. त्या सरळ उभ्या राहिल्या, भोंग्याकडे तोंड केलं आणि म्हटलं:

शकू गेली उडून वं, बांध पडला रिकामा,
लुगडं खोचून चिखलात, उभी आहे सत्यभामा.

मग सुलोचनाबाईंनी पहिली टाळी वाजवली आणि ढोलकीवाला पुरुष असूनही त्यानं अशी थाप मारली की शेजारचं मंडळसुद्धा उठून नाचायला लागलं. सत्यभामाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि कोणी विचारलं तर मंडईच्या धुळीला नावं ठेवत होत्या.

मित्रांनो, मी काही तुम्हाला शहाणपण शिकवणारी नाही, शाळेत मला कोणी शिकवलं नाही. पण एवढं ऐका. आवडती वस्तू जपा, मात्र इतकीही जपू नका की तिला श्वास घेता येणार नाही. एखादी मशीन अडली तर लगेच सगळं पुसून मोकळे होऊ नका. आधी विचारा, हिला कोणी अडवलं? आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत वेगळी ठेवा. ती पदराच्या गाठीत बांधली तरी चालेल.

मंडईनंतर सत्यभामाबाई स्वतःहून माझ्यापुढे बसल्या आणि रत्नमालेला माइक लावायला सांगितलं. त्यांचं उत्तर आता शकुबाईच्या टोमण्याला लागूनच ठेवलं आहे. रत्नमालेनं खुणाही नीट केल्या आहेत. ऐकायची मुभा सगळ्या गावाला, पुसायची कोणालाच नाही. कधीही या, मी दोघींना लावून देईन. फक्त पाय धुऊन आत या.